भाऊ, खोकल्याची एक बाटली द्या

दिवाळी झाली की आमच्याकडे खोकल्याचा सीझन चालू होतो. जळगाव जिल्ह्यातल्या पारोळ्याच्या आजूबाजूला म्हणजे सगळा कापूस, वेचणी चालू असते, ट्रॉल्या जिनिंगकडे चाललेल्या असतात, हायवेची धूळ वेगळीच, पहाटे हात गारठवणारी थंडी आणि दुपारी परत चटका. त्यात ज्यांनी भाव वाढेल या आशेवर कापूस घरातच भरून ठेवलाय त्यांच्याकडे तर पुढच्या खोलीत छतापर्यंत कापूस आणि त्याच्या बाजूलाच लेकरं झोपलेली, अंगाला खाज, घशात खवखव. मी अकरा वर्षं झाली मेडिकलवर आहे, आधी दुसऱ्यांच्या दुकानात कामाला होतो आणि आता स्वतःचं छोटं दुकान आहे, आणि या तीन-चार महिन्यांत काउंटरवर सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य एकच, भाऊ, खोकल्याची एक बाटली द्या.

कोणाला झालाय, वय किती, किती दिवस झाले, कोरडा आहे की कफ पडतोय, यातलं काहीच कोणी सांगत नाही. विचारलं तर लोकांना वाटतं याला द्यायची नाही म्हणून टाइमपास करतोय. आणि खरं सांगतो, पहिली सहा-सात वर्षं मीही विचारत नव्हतो. हात मागे जायचा, जी बाटली चालू असेल ती पुढे ठेवायचो, शंभर-सव्वाशे रुपये घ्यायचो, दिवसातून तीनदा एक-एक चमचा सांगायचो, पुढचं गिऱ्हाईक. मला हे कधी चूक वाटलं नाही कारण सगळेच असं करत होते, आणि लोक परत येऊन सांगायचे की भाऊ गुण आला.

चार वर्षांपूर्वीच्या जानेवारीत माझं डोकं या बाबतीत फिरलं ते माझ्याच घरात.

माझी मुलगी तेव्हा अडीच वर्षांची होती. सर्दी, नाक गळतंय, रात्री खोकून खोकून उठून बसायची. मी दुकानातून सर्दीचे ड्रॉप्स घरी आणले, रात्री बायकोने ते बरोबर ड्रॉपरने मोजून दिले. रात्री अकराला तिला लघवीला उठवायला गेलो तर ती उठेचना. श्वास चालू होता, अंग गरम होतं, पण मान अशी लुळी पडत होती आणि डोळे उघडून परत मिटत होते. मी हाक मारतोय, गालावर थोपटतोय, काही नाही. आई दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "दुपारले दिन्हं व्हतं मी तिले, ते कपाटातलं खोकलानं औषध." किती दिलं? तर पोह्याचा चमचा भरून दोनदा.

मित्राची गाडी मागवली आणि धुळ्याला नेलं. तो पाऊण-एक तासाचा रस्ता मला अजून आठवतो, मी दर मिनिटाला तिच्या नाकापुढे बोट धरत होतो. तिथल्या डॉक्टरांनी तपासलं, रात्रभर देखरेखीत ठेवलं, आणि मला फक्त एवढंच म्हणाले की दोन्ही बाटल्या घेऊन या. सकाळी भावाने आणून दिल्या. मी लेबलावरची बारीक अक्षरं वाचली, जी मी दुकानात रोज हातात धरत होतो. नावं दोन, कंपन्या दोन, रंग दोन, एक सर्दीची एक खोकल्याची, आणि दोन्हीत क्लोरफेनिरामिन, झोप आणणारं ॲलर्जीचं औषध. म्हणजे तिला एकच औषध दुपारी चमच्याने आणि रात्री ड्रॉपरने असं दुप्पट-तिप्पट गेलं होतं. सकाळी सातला तिने पाणी मागितलं आणि मी बाहेर जाऊन रडलो. आईची यात काय चूक, तिला कोणी सांगितलंच नव्हतं, आणि सांगायचं काम ज्याचं होतं तो फार्मासिस्ट त्याच घरात राहत होता.

त्यानंतर मी वाचायला लागलो. इंग्रजी वाचायला वेळ लागतो मला, पण वाचलं. आणि जे वाचलं ते काउंटरवर दोन मिनिटांत सांगता येत नाही म्हणून इथे लिहितोय.

आधी बाटलीत असतं काय ते बघा. एक प्रकार म्हणजे खोकला दाबणारं औषध, डेक्स्ट्रोमेथॉर्फन, लेबलावर काही वेळा नावाच्या पुढे डी किंवा डीएक्स असं काहीतरी लावलेलं असतं. हे मेंदूतलं खोकल्याचं केंद्र थोडं शांत करतं. दुसरा प्रकार कफ पातळ करणारी औषधं, अँब्रॉक्सॉल, ब्रोमहेक्सिन, ग्वायफेनेसिन. तिसरं ते क्लोरफेनिरामिन किंवा डायफेनहायड्रामिन, ही ॲलर्जीची औषधं, यांनी झोप येते आणि तोंड कोरडं पडतं. चौथं फिनाइलएफ्रिन, नाक मोकळं व्हावं म्हणून. आणि पाचवं टर्ब्युटालिन किंवा लेव्होसाल्ब्युटामॉल, श्वासनळ्या उघडणारं, दम्याच्या पेशंटला ज्याचा उपयोग आहे पण साध्या खोकल्यात ज्याने फक्त हात थरथरतात आणि छातीत धडधडतं. आपल्याकडच्या बाटलीत यातली तीन-चार एकत्र घातलेली असतात, वर मेन्थॉल, साखर आणि रंग.

आता हे काम करतं का? कोक्रेन म्हणून एक संस्था आहे, ती जगभरातले अभ्यास गोळा करून त्यांचा एकत्र हिशोब मांडते. खोकल्याच्या या डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या औषधांवर त्यांनी २०१४ साली जो आढावा काढला त्यात २९ अभ्यास होते, १९ मोठ्यांवरचे आणि १० लहान मुलांवरचे, एकूण ४८३५ माणसं. एवढं सगळं बघून निष्कर्ष काय, तर ही औषधं उपयोगी आहेत असंही ठामपणे म्हणता येत नाही आणि निरुपयोगी आहेत असंही नाही, चांगला पुरावाच नाही. मी ते दोनदा वाचलं. एवढी वर्षं ज्याच्यावर माझं दुकान थंडीत चालतं त्याला पुरावा नाही.

थोडं आत शिरलो तर आणखी गंमतशीर म्हणणार नाही, पण विचारात टाकणारं निघालं. ग्वायफेनेसिनच्या एका अभ्यासात औषध घेणाऱ्यांपैकी ७५ टक्के लोक म्हणाले फायदा झाला आणि नुसतं बिनऔषधाचं सरबत घेणाऱ्यांपैकी ३१ टक्के. हे ऐकून वाटतं चला, एक तरी सापडलं. तर त्याच औषधाच्या दुसऱ्या अभ्यासात दोन्हीकडचे लोक सारखेच बरे झाले. डेक्स्ट्रोमेथॉर्फनचंही मोठ्यांमध्ये तसंच, कुठे थोडा फरक पडला कुठे नाही, आणि जिथे पडला तिथेही तो इतका लहान की माणसाला जाणवेल का हा प्रश्नच. कोडीन, जे खोकल्यासाठी सगळ्यात जालीम समजतात आणि ज्याची नशा करणारी पोरं प्रत्येक तालुक्यात आहेत, ते साध्या सर्दीच्या खोकल्यात बिनऔषधाच्या सरबतापेक्षा सरस ठरलं नाही. आणि लहान मुलांमध्ये तर खोकला दाबणारं औषध घ्या, ॲलर्जीचं घ्या, यातलं काहीच नुसत्या सरबतापेक्षा चांगलं निघालं नाही.

नाक मोकळं करणारं ते फिनाइलएफ्रिन, त्याच्याबद्दल तर सप्टेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या एफडीएच्या, म्हणजे तिथल्या औषध नियंत्रकांच्या, तज्ज्ञ समितीने १६ विरुद्ध ० मतांनी सांगून टाकलं की तोंडाने घेतल्यावर ते नाक मोकळं करत नाही. सोळाच्या सोळा. आपल्याकडे सर्दीच्या कितीतरी गोळ्यांत आणि सिरपांत ते आजही आहे आणि मी विकतो, हे लिहिताना मला बरं वाटत नाहीये.

मग लोकांना गुण येतो तो कसा? हा प्रश्न मला खूप दिवस छळत होता, कारण लोक खोटं बोलत नाहीत, मागच्याच आठवड्यात एक आजी आल्या होत्या, "दे ना भाऊ तेच लाल औषध, मागला टाइमले तेनावरच बरं व्हयनं." त्या खोटं का बोलतील. पण बघा, माणूस बाटली कधी घेतो? पहिल्या दिवशी नाही. चार-पाच दिवस गूळ-सुंठ होते, काढा होतो, मग जेव्हा खोकला अगदी टोकाला जातो, रात्र जागून काढावी लागते, तेव्हा दुसऱ्या दिवशी माणूस दुकानात येतो. आणि व्हायरसचा खोकला टोकाला गेला की तिथून तो उतरणारच असतो. तो उतरायला लागतो त्याच वेळी बाटली घरात आलेली असते, म्हणून श्रेय बाटलीला. शिवाय त्या सरबताचा गोडवा आणि घट्टपणा घशाला खरोखरच थोडा आराम देतो. ब्रिटनमध्ये, वेल्समधल्या कार्डिफला सर्दी-खोकल्यावरच काम करणारं एक केंद्र होतं, तिथल्या संशोधकांचं म्हणणंच असं होतं की खोकल्याच्या सिरपाचा जो फायदा दिसतो त्यातला फार मोठा वाटा हा औषध घेतल्याच्या समाधानाचा आणि त्या गोड चवीचा असतो.

आणि आपला अंदाजही चुकतो. साधा खोकला किती दिवसांत जायला पाहिजे असं लोकांना विचारलं तर उत्तर येतं आठवडाभर, फार तर नऊ दिवस. २०१३ साली अमेरिकेत हेच तपासलं होतं, लोकांचा अंदाज सात ते नऊ दिवसांचा आणि प्रत्यक्षात खोकला सरासरी जवळपास १८ दिवस टिकतो. लहान मुलांचंही तसंच, निम्मी मुलं दहा दिवसांत मोकळी होतात पण दहातली नऊ बरी व्हायला पंचवीस दिवस लागतात. ताप जातो, नाक थांबतं, पोरगं खेळायला लागतं आणि खोकला मात्र मागे राहतो, कारण व्हायरस गेला तरी घशातल्या आणि श्वासनळीतल्या नसा अजून हुळहुळ्या असतात, थंड हवा लागली की खोकला, फोडणीचा ठसका लागला की खोकला, कापसाची बोंडं फोडताना खोकला. हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर मी कितीतरी आयांना सांगू शकलो असतो की माय, आठवा दिवस आहे ना, पोरगं खेळतंय ना, खातंय ना, मग घाबरू नका, अजून आठवडा जाऊ द्या. त्याऐवजी मी दुसऱ्या कंपनीची बाटली द्यायचो. आणि काही जण तर आठव्या दिवशी थेट अँटिबायोटिक मागतात, भाऊ आता जरा स्ट्राँग द्या. व्हायरसच्या खोकल्यावर अँटिबायोटिकचा काडीचा उपयोग नाही, ते मी चिठ्ठीशिवाय देत नाही, त्यावरून भांडणं होतात, होऊ देत.

मोठ्या माणसांचं मी फार ताणत नाही. धडधाकट माणूस, दुसरा काही आजार नाही, रात्री झोप लागत नाही म्हणून दोन-तीन रात्री एखादं सिरप घेतलं तर घ्या, फक्त माहीत असू द्या की त्याने खोकला लवकर बरा होत नाही. पण काही गोष्टी मी आता विचारल्याशिवाय बाटली देत नाही. गाडी चालवता का? आमचं दुकान हायवेच्या जवळ, ट्रकवाले गाडी बाजूला लावून येतात, दोन घोट तिथेच मारतात आणि पुन्हा स्टेअरिंगवर, आणि आत क्लोरफेनिरामिन म्हणजे झोप. शुगर आहे का? कारण नेहमीचं सिरप म्हणजे साखरेचा पाक, शुगर-फ्री वेगळं मागावं लागतं. बीपीची गोळी कोणती चालू आहे? रॅमिप्रिल, एनालाप्रिल असल्या गोळ्यांनी काही जणांना महिनोन् महिने कोरडा खोकला राहतो, त्याला जगातलं कोणतंच सिरप लागू पडत नाही, डॉक्टरांना सांगून गोळी बदलली की तो आपोआप जातो. आमच्या गल्लीतले एक निवृत्त मास्तर आठ महिने खोकत होते, चार डॉक्टर झाले, एक्स-रे झाला, आणि शेवटी निघालं हे. त्यांच्या गोळ्याही माझ्याच दुकानातून जात होत्या.

कफ पडत असेल तर दाबणारं औषध मी देतच नाही. कफ बाहेर पडण्यासाठीच तर शरीर खोकतंय, ते दाबून कफ आत ठेवण्यात काय अर्थ आहे.

लहान मुलांच्या बाबतीत मात्र मी आता अजिबात ऐकत नाही. अमेरिकेने २००८ मध्येच दोन वर्षांखालच्या मुलांना ही औषधं देऊ नका म्हणून सांगितलं आणि कंपन्यांनी स्वतःच लेबलावर चार वर्षांखाली नको असं छापायला सुरुवात केली. ब्रिटनने २००९ मध्ये सहा वर्षांची रेघ मारली. आपल्याकडे डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राच्या औषध नियंत्रकांनी क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलएफ्रिन एकत्र असलेल्या औषधांवर चार वर्षांखालच्या मुलांना वापरू नये असं छापायला लावलं, म्हणजे साधारण तेच मिश्रण जे घराघरात ड्रॉप्स म्हणून असतं. लेबलावर आलं खरं, पण ते अक्षर एवढं बारीक की चष्मा लावूनही दिसत नाही, आणि आमच्याकडे कितीजण लेबल वाचून औषध देतात.

आणि मग २०२५ मधलं मध्य प्रदेशातलं छिंदवाडा. ते मी विसरू शकत नाही. छिंदवाडा आपल्यापासून लांब आहे, पण सातपुडा तोच आणि माणसंही तशीच, साधी, डॉक्टरवर आणि मेडिकलवाल्यावर विश्वास ठेवणारी. सर्दी-खोकल्याला म्हणून कोल्ड्रिफ नावाचं सिरप दिलं आणि मुलांची लघवी बंद झाली. किडन्या गेल्या. कितीतरी मुलांना नागपूरला आणलं होतं. वीसपेक्षा जास्त लेकरं गेली, बहुतेक सगळी पाच वर्षांच्या आतली. तमिळनाडूत बनलेल्या त्या सिरपात डायएथिलिन ग्लायकॉल सापडलं, ४८.६ टक्के. ज्याची मर्यादा ०.१ टक्का आहे ते जवळजवळ निम्मी बाटली. हे रसायन ब्रेक ऑइलमध्ये वगैरे वापरतात, चवीला गोड असतं म्हणून मुलाला कळत नाही, आईलाही कळत नाही, आणि खरं सांगायचं तर काउंटरवर बसलेल्या मलाही बाटली हातात धरून कळणार नाही.

हे पहिल्यांदा झालंय असंही नाही. अमेरिकेत १९३७ साली याच रसायनाने शंभरावर माणसं गेली आणि त्यातून त्यांचा कडक औषध कायदा झाला. आपल्या मुंबईत १९८६ मध्ये जे. जे. हॉस्पिटलमध्ये ग्लिसरीनमध्ये हेच निघालं, १४ जण दगावले, लेंटिन आयोग बसला. २०२२ मध्ये गांबियात भारतात बनलेल्या सिरपांमुळे सत्तरच्या आसपास मुलं गेल्याचं प्रकरण जगभर गाजलं. म्हणजे माहीत होतं, सगळ्यांना माहीत होतं. सिरपात औषध विरघळवण्यासाठी जे रसायन वापरतात ते कंपनीत आलं की प्रत्येक वेळी तपासायचं, एवढी साधी गोष्ट. माझा राग इथे आहे. ज्या औषधाचा लहान मुलाला फायदा होतो असा पुरावाच नाही त्या औषधापायी ती मुलं गेली. एखाद्या जीव वाचवणाऱ्या इंजेक्शनमध्ये धोका असता तर माणूस म्हणतो, नाइलाज होता. इथे नाइलाज नव्हता, तो खोकला आपोआप जाणार होता.

३ ऑक्टोबर २०२५ ला केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने सूचना काढली की दोन वर्षांखालच्या मुलांना खोकल्या-सर्दीची औषधं लिहूही नयेत आणि देऊही नयेत, आणि पाच वर्षांखाली साधारणपणे टाळावीत. त्या आठवड्यात मी माझ्या दुकानातले सगळे ड्रॉप्स आणि लहान मुलांची सिरपं बॅच नंबर बघून बाजूला काढली, ज्यांची गरज नाही ती स्टॉकिस्टला परत केली. एम.आर., म्हणजे औषध कंपनीचा प्रतिनिधी, आला होता, दहावर तीन फ्रीची स्कीम घेऊन, मी म्हटलं नको. त्याचंही पोट आहे, त्याच्यावर राग नाही. महिन्याला माझा थोडा गल्ला कमी झाला, ते मी मोजलंय आणि सोडून दिलंय.

मग द्यायचं काय, हे प्रत्येक आई विचारते, आणि तिचं बरोबर आहे, रात्री दोन वाजता लेकरू खोकत असताना काही देऊ नका हे उत्तर होत नाही.

मध. एक वर्ष पूर्ण झालेल्या मुलाला झोपायच्या अर्धा तास आधी मध चाटवा, अर्धा चमचा, सहा वर्षांच्या पुढे एक चमचा. हे आजीबाईचं म्हणून सांगत नाहीये. २००७ मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात १०५ मुलांवर बघितलं होतं, काहींना मध, काहींना मधाच्या चवीचं डेक्स्ट्रोमेथॉर्फन, काहींना काहीच नाही, आणि आईबापांच्या सांगण्यानुसार मधवाली मुलं सगळ्यात बरी झोपली. पुढे २०१२ मध्ये इस्रायलमध्ये ३०० मुलांवर केलं, तिथे तर मधासारखाच दिसणारा खजुराचा पाक दिला होता म्हणजे आईबापांना कळू नये कशात काय आहे, तरीही मध पुढे निघाला. मध म्हणजे काही जादू नाही, खोकला एका रात्रीत जात नाही, पण रात्र थोडी सुसह्य होते, आणि सिरप जेवढं काम करतं म्हणतात जवळपास तेवढं तर तो करतोच. फक्त एक वर्षाच्या आतल्या बाळाला मधाचं बोटही लावू नका, बाळ जन्मल्यावर जिभेला मध लावायची आपल्याकडची रीत आहे ती सुद्धा नको, मधातल्या एका जंतूमुळे त्या वयात बॉट्युलिझम नावाचा लकव्यासारखा आजार होऊ शकतो. सातपुड्यातून पावरा-भिल्ल लोक मोहोळाचा मध विकायला आणतात, ओळखीचा असेल तर उत्तमच.

नाकात साध्या मिठाच्या पाण्याचे सलाइनचे थेंब टाका, लहान मुलांचा बराचसा खोकला नाकातलं मागे घशात उतरल्याने असतो. पाणी, कोमट वरणाचं पाणी, अंगावरचं दूध पाजत राहा. आणि कापूस ज्या खोलीत आहे त्या खोलीत लेकरू झोपवू नका, ओसरीत झोपवा पण तिथे नको. चुलीच्या धुराजवळ नको, घरात बिडी नको.

अडुळशाचं लोक विचारतात. आमच्या शेताच्या बांधावर आजोबांनी लावलेला आहे, पानं वाफवून रस काढायची आजी, कडू जहर. ब्रोमहेक्सिन हे औषध या अडुळशातल्या व्हॅसिसिन नावाच्या घटकावरूनच बनवलंय, आणि अँब्रॉक्सॉल हे त्या ब्रोमहेक्सिनचंच पुढचं रूप. म्हणजे त्या चकचकीत बाटलीतलं औषध एका अर्थी आपल्याच बांधावरून गेलंय. हे कळलं तेव्हा मला फार भारी वाटलं होतं, आजीला सांगायला ती नव्हती. पण म्हणून लहान मुलाला अंदाजाने रस पाजा असं मी म्हणणार नाही, किती रसात किती औषध उतरतं ते घरी मोजता येत नाही, आणि मोजमाप चुकलं की काय होतं ते माझ्या घरात मी बघितलंय.

थांबून बघायचं म्हटलं तरी कुठे थांबायचं नाही हे माहीत पाहिजे, म्हणून हे मी काउंटरवर कागदावर लिहून चिकटवलंय. मूल शांत झोपलेलं असताना मोबाइलवर एक मिनिट लावून श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल आणि श्वास ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त, तर तो साधा खोकला नाही, न्यूमोनिया असू शकतो, तसंच उचला आणि दवाखान्यात न्या. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, पित नसेल, ओठ निळसर दिसत असतील, मलूल पडलं असेल, लघवी कमी झाली असेल, तर सकाळची वाट बघू नका.

आणि मोठ्यांसाठी एकच आकडा, दोन आठवडे. गेल्या फेब्रुवारीत एक आबा यायचे, शेतमजूर, "रातभर ढास लागस, जपू देत नही," म्हणायचे, म्हणजे रात्रभर खोकल्याची उबळ येते, झोपू देत नाही. मी एक बाटली दिली, बारा-तेरा दिवसांनी दुसरी दिली. तिसऱ्यांदा आले तेव्हा शर्ट अंगावर लोंबत होता. मी बाटली दिली नाही, त्यांना गाडीवर बसवून सरकारी दवाखान्यात नेलं, थुंकीची तपासणी फुकट असते, टीबी निघाला. सहा महिने गोळ्या घेतल्या, त्याही सरकारी, फुकट. आता पुन्हा कामावर जातात. पण ती दुसरी बाटली मी द्यायला नको होती, त्या दिवशीच विचारायला हवं होतं, आबा, किती दिवस झाले? त्या मधल्या दिवसांत त्यांच्या घरात दोन नातवंडं होती. दोन आठवड्यांच्या वर गेलेला खोकला म्हणजे थुंकी तपासायची, मग भले दहातल्या नऊ जणांचं काही निघो न निघो, आता या बाबतीत मी कोणाची नाराजी बघत नाही.

मागच्या सोमवारी एक बाई आली, कडेवर दीड वर्षाचं पोर, बाटली मागितली. मी पोराचा शर्ट वर करून तिच्यासमोर एक मिनिट श्वास मोजला, ३२ भरला, पोर हसत होतं, माझ्या चष्म्याला हात घालत होतं. तिला सलाइनचे थेंब दिले, मधाचं सांगितलं, श्वास कसा मोजायचा ते तिच्याच मोबाइलवर दाखवलं. ती काही फार खूश होऊन गेली नाही, मला वाटलं पुढच्या मेडिकलवरून घेईल. शुक्रवारी बाजाराला आली तेव्हा दुकानाच्या पायरीशी थांबली, म्हणाली, "खोकला शे भाऊ, पन रातले जपस आते." मी विचारलं, किती दिवस झाले? तिने बोटांवर मोजलं आणि म्हणाली, नववा.